गणपतीच्या आराशीतले धावते दिवे मधेच उड्या मारतात, ४०१७ चिप (पल्स मोजत एकामागून एक दिवा लावणारी) गेली का?

बहुतेक नाही. बोट जवळ नेल्यावर दिवे आणखी पिसाळत असतील तर चिपचा एखादा इनपुट अधांतरी आहे, म्हणजे कशालाच जोडलेला नाही. १३ आणि १५ नंबरच्या पिना ग्राउंडला जोडल्यात ना? ४०१७ सारख्या सीमॉस जातीच्या चिपचा मोकळा इनपुट हवेतला गोंगाटही पल्स म्हणून मोजतो. १६ आणि ८ नंबरच्या पिनांच्या मधे, चिपला अगदी चिकटून, ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर हवाच.

मग व्होल्टेज मोजा, पण ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीच्या) पट्टीवर नको. मीटरची टोकं थेट चिपच्या पायांवर टेकवा. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात पाय काळे पडतात, ब्रेडबोर्डातल्या क्लिपा हिरव्या होतात, आणि दोष मात्र चिपच्या माथी! पाय खोडरबराने घासा, ब्रेडबोर्ड जुना असेल तर सरळ बदला.

४०१७ ला पल्स पुरवणाऱ्या ५५५ टायमर चिपच्या ३ नंबरच्या पिनेवर रेझिस्टरसकट एलईडी लावून पल्स येते का बघा. वेग सेकंदाला एक पल्सवर आणला की डोळ्यांना दिसते. एवढं करून एखादाच आउटपुट मेलेला राहिला, किंवा सगळे एलईडी काढूनही चिप तापली, तर ती गेली. दुसरी लावून खात्री करा. आणि पुढच्या वेळी चिप सोल्डर करणार असाल तर सॉकेट वापरा हो, चतुर्थीच्या आदल्या रात्री सोळा पाय डीसोल्डर करायला कुणाला वेळ असतो!