दिव्यांग भाऊ आमच्याच घरात राहतो, त्याचं वेगळं अंत्योदय रेशनकार्ड निघेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ 75 टक्के अस्थिव्यंग, अविवाहित, तुमच्याच घराच्या पडवीतल्या खोलीत राहतो. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर त्याच्यासकट सहा नावं. तहसीलमध्ये सांगितलं, "एका घर नंबरवर एकच कार्ड." तर वेगळं कार्ड निघेल का, आणि तो वेगळा आहे हे सिद्ध कसं करायचं?

निघू शकतं. पण त्या "एका घर नंबरवर एकच कार्ड"वर आधी बोलू, कारण हे वाक्य ऐकून कितीतरी लोक खिडकीवरूनच परत जातात. अपात्र कार्डांच्या शोधमोहिमेच्या सूचनांत म्हटलंय ते असं: एका कुटुंबाला एकाच पत्त्यावर दोन कार्डं देऊ नयेत, अपरिहार्य असेल तर तहसीलदारांनी खातरजमा करून द्यावीत. खिडकीपर्यंत येता येता यातलं 'कुटुंब' गळतं, 'अपरिहार्य' गळतं, आणि उरतो फक्त 'पत्ता'. पत्ता हीच कसोटी असती तर एका वाड्यातल्या दहा भाडेकरूंना मिळून एकच कार्ड मिळालं असतं.

खरी कसोटी चुलीची. जनगणनेतही कुटुंब म्हणजे एकत्र राहणारे आणि एका स्वयंपाकघरातलं खाणारे. सर्वसाधारण घराला ती ठीक आहे, दिव्यांगाला मात्र ती सरळ नापास करते. ज्याला स्वतः चूल पेटवता येत नाही, तो कायम वाढणाऱ्याच्याच कुटुंबात मोजला जाणार!

याचं एक प्रकरण सांगतो. दोन्ही पायांनी पोलिओग्रस्त माणूस, मोटर लावलेल्या मशीनवर शिवणकाम करायचा, मुक्काम भावाच्या पडवीत. विभक्त कार्डाचा अर्ज केला. कुणा एजंटाने सल्ला दिला, चौकशीला येतील तेव्हा वेगळी शेगडी दिसली पाहिजे. आदल्या दिवशी शेगडी आणून ठेवली. निरीक्षक दुपारी एकला आले. शेगडीच्या बर्नरभोवती प्लास्टिक तसंच, रबरी नळीला दुकानातली घडी, भिंतीवर तेलाचा एक शिंतोडा नाही, जवळपास तवा-उलथनंही नाही. तेवढ्यात भावजय ताट घेऊन आली. पंचनाम्यात दोन ओळी लिहिल्या गेल्या: "अर्जदार भावाकडे जेवतो. कुटुंब एकत्र." अर्ज निकाली.

गंमत अशी, की माणूस खरंच वेगळा होता. भाकरी भावजय थापायची, पण ज्वारी त्याच्या पैशाची. मशीनच्या मागे त्याचा स्वतःचा पिठाचा डबा होता, किराणा दुकानात त्याच्या नावाचं वेगळं खातं होतं आणि गिरणीचे पैसे तो वेगळे द्यायचा. यातलं काहीच अर्जात नव्हतं, कारण सगळा भर त्या शेगडीवर. खोटी शेगडी पकडली गेली की खरा डबाही कोणी बघत नाही. दुसऱ्या खेपेला अर्जात सरळ लिहिलं, "मला उभं राहून स्वयंपाक करता येत नाही. भावजय करून देते. धान्य, किराणा, तेल माझ्या पैशाने येतं." सोबत किराणा वहीच्या पानांची झेरॉक्स, दुकानदाराचं सहीचं पत्र, बँक पासबुक, आणि भाऊ-भावजयीचा लेखी जबाब की याचा खर्च आमच्यात नाही. फेरचौकशी लागली, शेजाऱ्यांचे जबाब झाले, कार्ड निघालं.

म्हणून माझं मत रोखठोक आहे: भाकरी कोण थापतं हे विचारूच नये, पीठ कुणाचं आहे ते विचारावं. पुरवठा शाखेतल्या काही मंडळींना हे पटत नाही, त्यांच्या मते ताट आलं की कुटुंब एक. मग खानावळीत जेवणारे सगळे खानावळवाल्याच्या कार्डावर चढवा.

आता दिव्यांगत्वाचा पुरावा. इथे वाद कमी, चुका जास्त. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) किंवा त्याच पोर्टलवरून निघालेलं प्रमाणपत्र जोडा. जुनं हस्तलिखित असेल तर आधी ते ऑनलाइन करून घ्या. टक्केवारी 40 किंवा जास्त हवी, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातली लक्षणीय दिव्यांगत्वाची हद्द तीच. प्रमाणपत्र कायमस्वरूपी की तात्पुरतं हे बघा. तात्पुरत्यावर मुदतीची तारीख असते आणि चौकशी चालू असतानाच ती उलटली तर फाईल तिथेच बसते. आधार, यूडीआयडी आणि जुनं रेशनकार्ड, तिन्हीकडे नाव सारखं हवं; एकीकडे वडिलांचं नाव, दुसरीकडे नाही, एवढ्यावरही त्रुटी निघते. आणि हो, यूडीआयडीचा पिवळा रंग आणि पिवळं रेशनकार्ड यांचा काडीचा संबंध नाही. तो रंग टक्केवारीचा आहे. हा गोंधळ घालणारे खिडकीच्या दोन्ही बाजूंना आहेत.

निरीक्षकाला टक्केवारी नजरेने ठरवण्याचा अधिकार नाही. "चांगला बोलतोय की" असा शेरा मारून मतिमंद किंवा मानसिक आजाराच्या माणसाचा अर्ज परत पाठवला, तर त्याच 2016 च्या कायद्याचं कलम 58 दाखवा: प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. भावाला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान चालू असेल तर मंजुरीच्या पत्राची प्रतही जोडा. त्याच तहसीलने त्याचं दिव्यांगत्व आणि उत्पन्न एकदा तपासलेलं आहे, दुसऱ्या टेबलाला ते नाकारणं जड जातं.

अर्जाची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. तुमच्या कार्डावरून नाव कमी करण्यासाठी नमुना 9, त्याच्या नव्या कार्डासाठी नमुना 1. राहण्याचा पुरावा एका वर्षाच्या आतला हवा. वीजबिल किंवा घरपट्टी भावाच्या नावावर नसणारच, मग बँक पासबुक आणि मतदार ओळखपत्र पुढे करा. प्रत्येक कागदाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

अंत्योदय मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि इथेच लोक फसतात. अंत्योदयच्या निकषात दिव्यांग व्यक्ती कुटुंबप्रमुख असलेलं आणि जगण्याचं खात्रीचं साधन नसलेलं कुटुंब येतं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे कार्डावर प्रमुख असते घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री. म्हणजे भाऊ तुमच्या कार्डावर आहे तोवर प्रमुख तुमची आई किंवा बायको, आणि त्याचं दिव्यांगत्व त्या निकषाला चिकटतच नाही. एकट्याच्या कार्डावर तो स्वतः प्रमुख होतो. विभक्त होण्याचं हे सर्वांत मजबूत कारण आहे, आणि अर्जात ते कोणीच लिहीत नाही.

हिशेब पाहा. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो, तुमची सहा नावं म्हणजे 30. भाऊ वेगळा होऊन त्यालाही प्राधान्यच मिळालं तर 25 आणि 5, पुन्हा 30. सहा महिने हेलपाटे घालून एक दाणा जास्त नाही. त्याला अंत्योदय मिळालं तर कार्डामागे 35, म्हणजे तुमचे 25 धरून 60. कार्यालय अशा अर्जांकडे संशयाने बघतं ते यामुळेच, आणि खरं सांगायचं तर तो संशय दरवेळी चुकीचा नसतो. नुसत्या प्राधान्य कार्डासाठी वेगळं होण्यात अर्थ आहे तो एकाच वेळी: तुमचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 44,000 किंवा शहरी भागात 59,000 रुपयांच्या वर गेलंय आणि तुमच्यापायी त्याचंही धान्य जाणार आहे.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: नाव कमी करण्याची घाई करू नका. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांची ठरवून दिलेली संख्या, भरलेला असेल तर नवं कार्ड निघेल, पण धान्य न मिळणाऱ्या गटात, आणि आहेत ते 5 किलोही जातील. इष्टांकात जागा आहे का, प्राधान्यात आणि अंत्योदयात वेगवेगळी, हे आधी लेखी विचारा. माहिती अधिकारातही हे मागता येतं. जागा नसेल तर विभक्त न होता अर्ज प्रतीक्षेत ठेवून थांबणं शहाणपणाचं. "दिव्यांग म्हणजे आपोआप अंत्योदय" असं सांगणारे कार्यकर्ते याच टप्प्यावर गायब होतात. प्राधान्य द्यावं असं केंद्राने 2020 मध्ये राज्यांना कळवलं आहे, पण त्याने इष्टांक वाढत नाही.

आणि भाऊ खरंच तुमच्याच पैशाने जेवत असेल, तर वर लिहिलेलं सगळं विसरा. मग तो तुमच्याच कुटुंबात आहे, अर्जासोबतच्या हमीपत्रात खोटं लिहिलंत तर वसुली त्याच्या नावावर निघेल. तेव्हा त्याची ई-केवायसी तुमच्याच कार्डावर करून घ्या. बोटांचे ठसे उठत नसतील तर चेहरा दाखवून ॲपवर होते. अर्ज अडवूनच धरला तर 1967 या रेशनच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक घ्या, आणि त्याच क्रमांकाचा हवाला देऊन जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.