पुराला गेलेल्या माणसाचा खाडा

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, ३८ कामगार. पूर आला की पाच-सहा मुलं मदतीला जातात. त्यांना अडवावंसं वाटत नाही, पण माल अडकतो आणि मागे राहिलेले कुरकुरतात. यंदा हे रीतसर, कामाच्या वेळेत करू द्यायचं मनात आहे. कसं करावं? त्यांचा पगार सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांवरच्या खर्चात, दाखवता येईल का?
— एक उद्योजक, कुपवाड

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला ऑगस्ट २०१९ चं मस्टर, म्हणजे हजेरीपट, आठवलं. तेव्हा मी एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात होतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. पाणी उतरल्यावर आमची चार मुलं आठ दिवस भिलवडीकडे चिखल उपसत होती. महिनाअखेरीस त्यातला एक माझ्या खिडकीशी आला. नखांतला चिखल अजून गेला नव्हता. बोलला काहीच नाही. पगाराची चिठ्ठी पुढे ठेवली आणि हजेरी बक्षिसाच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. ते आठ खाडे मीच लावले होते. नियम तसा होता, पण त्याच्याकडे मला बघवलं नाही.

म्हणून आधी मस्टर. खाड्याऐवजी वेगळी खूण करा, 'से' म्हणजे सेवा. वर्षाला माणशी किती दिवस ते आत्ताच ठरवा. तुमच्याएवढ्या शॉपला तीन दिवस झेपावेत असं मला वाटतं. 'से' म्हणजे हजर, पगार पूर्ण, हजेरी बक्षीस शाबूत, हक्काच्या रजेला हात नाही, असं लिहून नोटीस बोर्डावर लावा. मालकाने तोंडी दिलेला शब्द टाइम ऑफिसपर्यंत पोचतोच असं नाही.

मागे राहिलेल्यांची कुरकुर रास्त आहे. एकाच्या जागी दुसरा लेथवर उभा राहतो, म्हणून पहिल्याला जाता येतं. जादा तासांचे दुप्पट दराने पैसे त्याच पगारात द्या, आणि या आठवड्यात जो थांबला त्याला पुढच्या आठवड्यात जायची पाळी द्या. एका सेक्शनमधून एका वेळी दोघांच्या वर सोडू नका. ज्याला जायचंच नाही, त्याला कारण विचारू नका.

पाणी चढत असताना कुणालाही पाठवू नका. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. बोटीचं काम शिकलेल्या पथकांचं. पाणी ओसरल्यावर मात्र हात कमी पडतात : घराघरांतला चिखल, शाळेच्या खोल्या, कुजलेलं धान्य. गमबूट, हातमोजे, फावडी, घमेली तुमच्या स्टोअरमधून द्या. पायाला जखम असलेल्याला चिखलात उतरू देऊ नका, पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाची भीती असते. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गोळ्यांचं जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. बाहेर काही इजा झाली तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होईलच असं धरून चालू नका. अपघात विमा काढून ठेवा.

तयारीला दिवसही ठरलेला बरा. आयर्विनशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागलं की सुपरवायझरला घेऊन बसा, कोण जाणार आणि त्याचं मशीन कोण चालवणार ते लिहून काढा. गिऱ्हाइकाला त्याच दिवशी फोन करा. आधी कळवलं तर बहुतेक जण चार दिवस थांबतात. माल चुकल्यावर कळवलं की चिडतात.

सीएसआरचं थोडक्यात. कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू होतं ते ५०० कोटी नेटवर्थ, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना. त्यांनाही कामगारांचा वेळ पैशांत मोजून सीएसआरमध्ये धरता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. तेव्हा पगार पगाराच्याच खात्यात राहू द्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. सांगलवाडीच्या एखाद्या मुलाचं स्वतःचंच घर पाण्यात असेल, तर तो सेवेला गेलेला नसतो, घरी गेलेला असतो. त्याचे 'से' त्यात घालवू नका. घर धुऊन होईपर्यंत त्याला वेगळी पगारी रजा द्या, आणि बाकीची मुलं निघतील तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्याच दारात फावडी घेऊन जाऊ देत.