थारच्या एअर फिल्टरला हात लावण्याआधी

प्रश्न : काका, माझ्याकडे २.२ लिटरची डिझेल थार आहे. पावसाळ्यात आम्ही मित्र मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला जातो, उन्हाळ्यात वाघोलीकडच्या बंद पडलेल्या खाणींत गाड्या चढवतो. एका दुकानदाराने सुचवलंय की कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून टाकायचा, त्याजागी कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) बसवायचा आणि बाहेरून स्नॉर्केल, म्हणजे छपराच्या उंचीवरून हवा घेणारी नळी, लावायचं. पिकअप वाढेल आणि पाण्याची भीतीही राहणार नाही म्हणतो. लावू का?
– एक वाचक, वारजे

उत्तर : त्या दुकानदाराला एवढंच विचार, की डबा काढल्यावर स्नॉर्केलचं खालचं टोक जोडणार कशाला? कोन फिल्टर बॉनेटखाली उघडा बसतो आणि चारी बाजूंनी हवा ओढतो. स्नॉर्केलचा उपयोग तेव्हाच, जेव्हा छपराच्या उंचीवरून घेतलेली हवा बंद डब्यातूनच इंजिनात जाते. या दोन वस्तू एकत्र लावल्या तर एक काम करते आणि दुसरी नुसती शोभेची नळी उरते. पैसे मात्र दोन्हींचे जातात. (नाना पेठेत, म्हणजे पुण्यातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, वस्तू चांगल्या मिळतात. सल्ला मात्र वस्तूबरोबर फुकट येतो, आणि फुकटात घेतलेला सल्ला पुण्यात कोणी परत करत नाही.)

आधी पिकअपचं बघू. तुझं इंजिन टर्बो डिझेल आहे. फिल्टरच्या पुढच्या नळीत हवा मोजणारा सेन्सर असतो. किती डिझेल सोडायचं आणि टर्बोने किती दाब द्यायचा, हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो. कंपनीचा फिल्टर चांगल्या स्थितीत असेल तर त्याच्या अडथळ्यामुळे जाणारी ताकद इतकी थोडी असते की ती तुला सीटवर कळणार नाही. कोन लावल्यावर ‘गाडी मोकळी झाली’ असं वाटतं ते आवाजामुळे. टर्बोची शिट्टी आधी डब्यात दबत होती, ती आता केबिनमध्ये ऐकू येते. शिवाय बॉनेटखालची हवा तापलेली. हवेचं तापमान साधारण तीन अंशांनी वाढलं की घनता एक टक्क्याने उतरते. टर्बोतून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर त्यातलं काही भरून काढतो, सगळं नाही. एप्रिलमध्ये खाणीत फर्स्ट गिअरला, रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे फेकत असताना, तो कोन नेमकी तीच हवा पिणार.

आता धूळ. वाघोलीकडे आहे ती काळ्या दगडाची राखाडी भुकटी, अगदी पिठासारखी बारीक. ३००० आरपीएमला तुझं इंजिन टर्बो नसतं तरी मिनिटाला सुमारे ३३०० लिटर हवा ओढतं. टर्बोसकट त्याहून बरीच जास्त. त्यातला बारीक कण फिल्टरमधून निसटला की आधी टर्बोच्या पंख्याची धार झिजवतो, मग पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर घासतो. पुढे इंजिन ऑईल पिऊ लागतं, निळा धूर येतो, आणि मालक म्हणतो की इंजिनच खराब निघालं. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. तेल लावलेला सुती कोन धुऊन पुन्हा वापरता येतो हे खरं, पण तो बारीक धूळ जास्त सोडतो. धुतल्यावर तेल सढळ हाताने लावलं तर त्याचा थर त्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतो. मग गाडी कधी धक्के देते, कधी चेक लाइट लावते.

एक तपासणी तुझ्या घरीच होण्यासारखी आहे. खाणीत दिवसभर फिरून आलास की इंजिन थंड होऊ दे. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली नळी सोडवून आतून पांढऱ्या कापडाने पूस. कापड कोरडं पांढरं आलं तर ठीक. करडी रेघ आली तर समज की धूळ फिल्टरला वळसा घालून जाते आहे. अशा वेळी दोष बहुधा फिल्टरच्या कागदात नसतो. तो डब्यात नीट न बसलेल्या रबरी कडेत, न लागलेल्या क्लिपमध्ये किंवा सैल होजक्लिपमध्ये असतो. क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) जिथे जोडलाय तिथून पुढे थोडं तेल दिसणारच, त्याने घाबरू नकोस.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरा खर्च तिथेच होतो. चार सिलिंडर, २.२ लिटर, म्हणजे एकेकात सुमारे ५५० सीसी. कॉम्प्रेशन रेशो सोळा धरला तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ३७ सीसी. कटिंग चहाच्या ग्लासात याहून जास्त मावतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढ्या पाण्याने फिरतं इंजिन जागच्या जागी अडतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढ्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, एकदाही नाही. ढकलून किंवा विंचने बाहेर काढायची, डबा उघडून फिल्टर ओला आहे का पाहायचं. ओला असेल तर ग्लो प्लग काढून, हाताने इंजिन फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय चावी लावायची नाही.

म्हणून माझं मत असं : कंपनीचा डबा आणि कागदी फिल्टर तसाच ठेव आणि त्या डब्याला स्नॉर्केल जोड. पण ते काम नीट करून घे. फेंडरला भोक पाडताना आधी कागदी साचा चिकटवायचा आणि कापलेल्या कडेला प्रायमर लावायचा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज धरेल. नळीचे सगळे सांधे होजक्लिप आणि सीलंट लावून बंद करायचे. डब्याच्या तळाला पावसाचं पाणी निघून जायला कंपनी भोक ठेवते, ते तसंच उघडं राहिलं तर स्नॉर्केल असून नसल्यासारखं. तिथे एकाच बाजूने उघडणारा रबरी व्हॉल्व्ह बसव, म्हणजे आतलं पाणी बाहेर जाईल, बाहेरचं आत येणार नाही.

काम झाल्यावर स्नॉर्केलचं डोकं काढ, इंजिन आयडलला ठेव आणि नळीच्या तोंडावर लाकडी फळी घट्ट दाब. हात लावू नकोस. इंजिन काही सेकंदांत गुदमरून बंद पडायला हवं. ते तसंच चालत राहिलं तर खाली कुठून तरी हवा घेतंय, आणि जिथून हवा घेतंय तिथूनच पाणी घेणार. फिटर ‘चालतंय हो’ म्हणाला तरी गाडी ताब्यात घेऊ नकोस. मित्रांच्या गाड्यांमागे खाणीत जाताना डोक्याचं तोंड मागे फिरवून ठेव, पुढच्याची धूळ थेट आत जात नाही.

आणि स्नॉर्केल लावलं म्हणजे गाडी होडी झाली नाही. थारसाठी कंपनीने सांगितलेली पाण्याची खोली ६५० मिलिमीटर आहे, ती त्याने बदलत नाही. कंपनीतूनच स्नॉर्केल घेऊन येणाऱ्या फोर्सच्या गुरखाचा आकडासुद्धा ७०० आहे. अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, गरम असताना थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्याच्या ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. त्यातलं ऑईल दुधासारखं दिसायला लागलं तर तेच झालंय. स्नॉर्केलच्या पैशांतून थोडे वाचवून गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या ब्रीदरना लांब नळ्या जोडून वर घे. त्या कोणाला दिसत नाहीत, म्हणून कोणी विकतही नाही. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालची फरशी दिसत नसेल, तर मात्र कोणतीच नळी कामाची नाही. तिथून मागे फिरायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. त्यामुळे भोक पाडण्याआधी आरटीओत विचार आणि विमा कंपनीला लेखी कळव. पाणी शिरून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं कवच वेगळं घ्यावं लागतं.

प्रश्न : आमच्याकडे शेतावर महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे, तिला ऑईल बाथचा (हवा तेलाच्या भांड्यावरून नेऊन धूळ पकडणारा) एअर क्लीनर आहे. मुलगा म्हणतो काढून कागदी फिल्टर लावू. आपलं मत?
– एक वाचक, वेल्हे

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय, पण घाई नको. ऑईल बाथ कमी हवेवर, म्हणजे आयडलला आणि हळू चालताना, धूळ नीट पकडत नाही. तुमच्याकडच्या चढांवर गाडी फार तिरकी झाली तर त्यातलं तेल आत जाऊ शकतं. डिझेल इंजिन ते तेल जाळून स्वतःच रेस होतं आणि चावी फिरवूनही थांबत नाही. तसं झालं तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन दाबून बंद करायचं. बदलणार असाल तर इंजिनच्या मापाचा बंद डब्याचा फिल्टर घ्या आणि तळाला धूळ टाकणारी रबरी चोच असलेला बघा, ट्रॅक्टरला असतो तसा. तोवर भांड्यात तेल खुणेइतकंच भरा आणि तळाशी गाळ साचला की रॉकेलने धुऊन नवीन टाका.

प्रश्न : पंक्चरवाल्याकडे हवा मारून फिल्टर साफ करून घेतला तर चालतं का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : त्याच्या टाकीत बहुतेक वेळा १०० पीएसआयच्या वर दाब असतो. एवढ्या जोराने कागदाच्या घड्यांना डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि फिल्टर स्वच्छ दिसूनही निकामी होतो. अडलेल्या वेळी मारायचीच तर ३० पीएसआयच्या आत, आतून बाहेर, नळी हातभर लांब धरून. मग फिल्टरच्या आत मोबाइलची टॉर्च धरून अंधारात बघा, एखादा ठिपका चमकला तर तो फेकून द्या. धुळीत चालणाऱ्या गाडीला पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट न पाहता निम्म्यावरच नवीन घाला.