पहिल्यांदा ओमाकासेला (काय खायचं ते सुशी शेफवरच सोडायचं, असं जपानी जेवण) जातोयस तर हे वाच
ॲलर्जी किंवा जे अजिबात चालत नाही ते बुकिंग करतानाच सांगून टाक, काउंटरवर बसल्यावर नको, कारण सीट मोजक्याच असतात आणि मासे त्या हिशोबानेच आणलेले असतात. परफ्युम मारून जाऊ नकोस प्लीज, शेजारच्याचं पण जेवण बिघडतं. सगळ्यात महत्त्वाचं, निगिरी (भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप ठेवलेली सुशी) समोर आली की लगेच एका घासात खा, फोटो काढायचाच तर एक पटकन, कारण भात अंगाइतका कोमट असतो आणि गप्पा मारत बसलास की ती मजाच जाते. हाताने खाल्लं तरी चालतं, मला तर तेच आवडतं. शेफने वरून ब्रशने सॉस फिरवला असेल तर परत सोया सॉसमध्ये बुडवायचं नाही, वासाबी (झणझणीत हिरवी पेस्ट) पण बहुतेक आत लावलेलीच असते. आल्याचे काप मधेमधे खायचे, सुशीवर ठेवून नाही. आणि कुठला मासा आहे वगैरे बिनधास्त विचार, फक्त शेफ सुरी चालवत असेल तेव्हा थांब जरा.