फूटरेस्ट मागे सरकले आणि ब्रेक धरू लागला

प्रश्न : माझ्या मोटारसायकलला दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहे. हवे तसे सरकवता येणाऱ्या फूटरेस्टचा सेट विकत घेऊन मी स्वतःच बसवला. फूटरेस्ट पूर्वीपेक्षा एक भोक वर आणि दोन भोकं मागे ठेवले. ब्रेक पेडल बुटाखाली नीट यावं म्हणून, पेडलला वर अडवणाऱ्या स्टॉपचा स्क्रू फिरवून ते थोडं खाली घेतलं. पहिले चार-पाच किलोमीटर गाडी मस्त चालते. मग मागून कुणीतरी धरून ओढतंय असं वाटायला लागतं आणि डिस्कजवळ हात नेववत नाही. पंधरा-वीस मिनिटं उभी केली की पुन्हा मोकळी. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खोलून साफ केला, पिनांना ग्रीस लावलं, पॅड नवे टाकले, तरी तेच. सेटच टाकाऊ निघाला का?

उत्तर : कॅलिपरला उगाच शिक्षा झाली. सेटही बहुधा निर्दोष आहे. ‘स्टॉपचा स्क्रू फिरवून पेडल खाली घेतलं’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळी गोम तिथेच आहे.

पेडल दाबलं की त्याला जोडलेली दांडी, म्हणजे पुशरॉड, मास्टर सिलिंडरचा (ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या पंपाचा) पिस्टन आत ढकलतो. पाय काढला की पिस्टन पूर्ण मागे येतो आणि त्याच्या वॉशरच्या पुढे सुईच्या टोकाएवढं एक भोक उघडं पडतं. ब्रेक ऑइल तापून फुगलं की त्या भोकातून वर ऑइलच्या टाकीत जातं. आता तुम्ही काय केलंत? पेडलचं पुढचं टोक स्टॉपने खाली दाबून धरलंत, म्हणजे पिव्हटच्या (पेडल ज्या खिळीवर फिरतं तिच्या) पलीकडचा हात वर उचलला गेला. पुशरॉडची लांबी होती तेवढीच राहिली. परिणामी तुमचा पाय पेडलवर नसतानाही पिस्टन केसभर आत दाबलेला राहतो आणि ते भोक झाकलेलं. थंड गाडीत हे जाणवत नाही. दोन-चार ब्रेक मारले की ऑइल तापतं, फुगतं, त्याला परतीची वाट नसते, म्हणून ते पॅडच डिस्कवर दाबतं. पॅड घासले की आणखी तापतं. गार झालं की आकसतं आणि चाक सुटतं.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण मी स्वतः यात सापडलोय. पहिला सेट मी रात्री उशिरा, बॅटरीच्या उजेडात बसवला आणि सकाळी लांबच्या रस्त्याला निघालो. उतारावर गाडीचा वेग वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागला. थांबलो. चेन ताणली गेली का बघितलं, बेअरिंगवर संशय घेतला, इंजिनचाही आवाज ऐकून झाला. दगडावर अर्धा तास बसून राहिलो आणि मग गाडी अशी पळाली की जणू काही झालंच नव्हतं. त्या दिवशी हे तीनदा झालं. डिस्कवर निळसर झाक आली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून बघा. चाक जाम झालेलं असतानाच, डिस्कपासून हात जपून, मास्टर सिलिंडर ज्या दोन बोल्टांनी ब्रॅकेटला धरलेला असतो ते दोन-तीन फेरे सैल करा. तेवढ्याने चाक सुटलं, तर दोष पुशरॉडच्या लांबीचा. नाही सुटलं, तर बोल्ट पुन्हा आवळा आणि कॅलिपरची हवा काढायची निपल किंचित उघडा. चार थेंब ऑइल उडून चाक सुटलं, तर मास्टर सिलिंडरमधलं ते भोक कचऱ्याने बुजलंय किंवा पाइप आतून फुगलाय. निपल उघडूनही चाक धरलेलंच राहिलं, तरच कॅलिपर. त्या वेळी तुमची आधीची मेहनत आपण मान्य करू.

दुरुस्ती सोपी आहे, क्रम मात्र चुकवू नका. पुशरॉडला जागेवर पक्का धरणारा चेकनट सैल करून रॉड आधी इतका आखूड करा की तो हाताने खुळखुळेल. मग सेटमध्ये बसवलेल्या फूटरेस्टवर, तुम्ही ज्या बुटात गाडी चालवता तेच बूट घालून बसा आणि स्टॉपने पेडलची उंची ठरवा. रॉड सगळ्यात शेवटी लांब करत आणा. पिस्टनला टेकायच्या आधी अर्धा ते एक मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी जागा, मी ठेवतो. पेडलच्या टोकाला तो काही मिलिमीटर होऊन जाणवतो. अंगठ्याने पेडल दाबलं तर आधी रिकामी हालचाल आणि मग भार लागला पाहिजे. उंची आधी, रॉड नंतर. पुढे कधी फूटरेस्ट एक भोक जरी हलवलं, तरी हे सगळं पहिल्यापासून.

रॉड लांब करताना क्लेव्हिसमध्ये (रॉड पेडलला जोडणाऱ्या चिमट्यासारख्या तुकड्यात) किती आटे शिल्लक राहिले ते बघा. रॉडच्या जाडीएवढी लांबी तरी आत हवी. ६ मिलिमीटरचा रॉड दोन-तीन आट्यांवर लटकत असेल, तर जास्त लांबीचा रॉड घ्या. आणि बाजूने डोळा लावून बघा, रॉड मास्टर सिलिंडरच्या रेषेत सरळ जातोय का. तिरपा असेल तर पिस्टन एका अंगाने घासतो आणि काही महिन्यांत वॉशर गळायला लागतो.

एवढ्यांदा उकळल्यावर आतलं ऑइलही बदलाच. डॉट ४ ऑइल कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. झाकणावर लिहिलेलाच प्रकार भरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, ‘आकडा मोठा म्हणजे चांगलं’ म्हणून ते यात मिसळू नका. नवे पॅड जळून काचेसारखे चकचकीत झाले असतील तर तेही गेले.

प्रश्न : नवा सेट बसवल्यापासून मागचा ब्रेक दाबला की ब्रेक लाइट लागत नाही. पुढचा दाबला की लागतो.

उत्तर : जुन्या पेडलला स्विचची बारीक स्प्रिंग अडकवायला कान होता. तुमच्या नव्या पेडलला तो आहे का, आधी बघा. असेल तर स्प्रिंगचा ताण कमी पडतोय. स्विचचं अंग एका हाताने धरून फक्त प्लास्टिकचा नट फिरवा. अख्खा स्विच गरगर फिरवलात तर वायरींना पीळ पडून त्या तुटतील. ब्रेक धरायच्या आधी लाइट लागला पाहिजे. कान नसेल तर बँजो बोल्टच्या (ब्रेकचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) जागी बसणारा, ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच मिळतो. त्याला तांब्याचे नवे वॉशर टाका आणि हवा काढा. हे काम होईपर्यंत ‘पुढचा लागतो ना’ म्हणून गाडी काढू नका.

प्रश्न : लांब गेलं की माझे गुडघे दुखतात. मागे सरकवता येणारे फूटरेस्ट घेतले तर आराम पडेल, असं मित्र म्हणतो.

उत्तर : मित्राचे गुडघे दुखत नसावेत. फूटरेस्ट मागे आणि वर नेलं की गुडघा जास्त दुमडतो. वळणावर गाडी अधिक कलवता यावी म्हणून रेसवाले ते सोसतात. तुम्हाला खाली आणि बहुधा थोडं पुढे जायला हवं. सगळेच सेट खाली येत नाहीत. काहींचं सर्वांत खालचं भोकही मूळ फूटरेस्टपेक्षा वरच असतं, तेव्हा घेण्याआधी टेप लावून मोजा. एका वेळी १० मिलिमीटर बदला आणि दोन दिवस चालवून बघा. खाली आणलेलं फूटरेस्ट वळणावर आधी टेकतं, म्हणून दुमडणारंच घ्या. न दुमडणारं टेकलं तर ते गाडीला टेकू देऊन मागचं चाक उचलू शकतं.

माझ्या उजव्या गुडघ्यासाठी मी फूटरेस्ट २० मिलिमीटर खाली घेतले. गाडी पूर्वीइतकी ‘रेसिंग’ दिसत नाही, असं मुलाने नाक मुरडून सांगितलं. दिसत नाहीच.

प्रश्न : सेट बसवल्यापासून गिअर उलटे पडतायत. वर उचललं की पहिला, दाबलं की दुसरा.

उत्तर : इंजिनमधून बाहेर येणाऱ्या गिअरच्या शाफ्टवरचा छोटा हात वरचा खाली झालाय. काढून १८० अंश फिरवून लावा. लावताना हात आणि त्याला गिअर पेडलशी जोडणारा रॉड यांत साधारण काटकोन ठेवा, नाहीतर एका बाजूचे गिअर हलके आणि दुसऱ्या बाजूचे जड पडतात. त्या रॉडच्या एका टोकाला बहुतेक वेळा उलटे आटे असतात. चेकनट सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावून जोर करण्याआधी तो कुठल्या दिशेने सुटतो ते बघा.

प्रश्न : माझ्या गाडीला मागे ड्रम आहे. असा सेट बसेल का?

उत्तर : बसतो, पण ड्रमचा रॉड मला डिस्कच्या पुशरॉडपेक्षा जास्त छळतो. मूळ पेडलचा पिव्हट आणि स्विंगआर्मचा (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या फोर्कचा) पिव्हट एकमेकांच्या हिशेबाने ठेवलेले असतात. पेडल मागे-वर गेलं की तो हिशेब मोडतो. मग सस्पेन्शन दबलं की ब्रेकचा रॉड आपोआप ओढला जाऊ शकतो. गाडी डबल स्टँडवर असताना प्ले छान दिसतो आणि मागे कुणी बसवून खड्ड्यातून गेलं की ब्रेक धरतो. म्हणून प्ले रिकाम्या गाडीवर बघू नका. दोघांना बसवा, तिसऱ्याला खाली वाकून पेडल हलवून बघायला सांगा. दोघं बसल्यावर पेडलच्या टोकाला २० मिलिमीटरच्या आसपास रिकामी हालचाल उरत नसेल, तर मागचा नट सैल करा. आणि नट सैल केल्यावर स्टँडवरचा प्ले इतका वाढत असेल की पेडल खाली टेकतं, तर तो सेट त्या गाडीचा नाही. काढून ठेवा.

जुने फूटरेस्ट फेकले नसतीलच.