ब्रिटनमध्ये वडिलांकडून वारशाने आलेलं लॉर्डपद नाकारता येतं का?

हो, येतं. पण १९६३ पासून. त्याआधी लॉर्डपद रक्तालाच चिकटलेलं मानत, सोडतो म्हणून सुटत नसे. ती वाट टोनी बेन या खासदाराने भांडून पाडली. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, आणि ब्रिटिश संसद शिकवायला घेतली की आधी बेन यांचीच गोष्ट सांगते.

वडील विल्यम वेजवुड बेन मजूर पक्षाचे. १९२९ ते १९३१ ते भारतमंत्री होते. बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा हिंदुस्थानचं खातं यांच्याकडेच होतं. १९४२ साली ते व्हायकाउंट स्टॅन्सगेट, म्हणजे वारशाने चालणाऱ्या पदाचे लॉर्ड झाले. पद पुढे थोरल्या मायकेलकडे जाणार होतं आणि त्याची हरकत नव्हती. पण १९४४ मध्ये हवाई दलात असताना मायकेल गेला, आणि वारस ठरला टोनी.

टोनी १९५० पासून ब्रिस्टल साउथ ईस्टचे खासदार. तेव्हा लॉर्ड झालं की हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहात, बसता येत नसे, म्हणून वडील हयात असतानाच त्यांनी हे पद सोडायची खटपट केली. ती फसली. १७ नोव्हेंबर १९६० ला वडील वारले आणि त्याच दिवशी मुलगा कॉमन्सला मुकला.

पोटनिवडणूक लागली. बेन पुन्हा उभे राहिले. चर्चिल प्रतिस्पर्धी हुजूर पक्षाचे, तरी त्यांनी पाठिंब्याचं पत्र दिलं होतं. त्याच्या प्रती बेन यांनी मतदारांत वाटल्या. ४ मे १९६१ ला लोकांनी त्यांना १३,०४४ मतांच्या आघाडीने निवडून दिलं. आधीची आघाडी होती ५,८२७. निवडून आलेला हा माणूस सभागृहाच्या दाराशी गेला आणि दारवानाने त्याला आत सोडलं नाही. मला हा प्रसंग वाचताना अजून राग येतो. अपमान एकट्या बेन यांचा नव्हता, त्यांना मत देणाऱ्या हजारो लोकांचा होता. पुढे निवडणूक न्यायालयाने ही जागा निवडणुकीत हरलेल्या माल्कम सेंट क्लेअर यांना दिली, आणि तेही एका लॉर्डपदाचे वारसच होते!

शेवटी सरकारला कायदा करावा लागला. ३१ जुलै १९६३ ला संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याला राजमान्यता, म्हणजे राणीची मंजुरी, मिळाली आणि ६ वाजून २२ मिनिटांनी बेन यांनी पद सोडलं. बेन यांना पद सोडता आलं तर जागा सोडेन, हा दिलेला शब्द पाळून सेंट क्लेअर यांनीही राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये बेन पुन्हा खासदार झाले. ऑक्टोबरमध्ये अर्ल ऑफ होम या लॉर्डांनी हाच कायदा वापरून पद सोडलं, ते पंतप्रधान म्हणून कॉमन्समध्ये बसता यावं म्हणून.

वारसा आल्यापासून वर्षभरात पद सोडावं लागतं. १९९९ पर्यंत खासदारांना मात्र महिन्याभरातच सोडावं लागे. आणि सोडता येतं ते फक्त स्वतःपुरतं. २०१४ मध्ये बेन वारले, तेव्हा ते पद थोरल्या मुलाकडे, स्टीफनकडे गेलं. त्याने ते घेतलं.