इंदूरहून पहिल्यांदाच धबधब्यांवर निघताय?

चौघं मिळून जात असाल तर उत्तम! पातालपाणी, तिंछा या इंदूरजवळच्या धबधब्यांवर खरा धोका वरून येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं, तरी वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी काही मिनिटांत चढतं. २०११ मध्ये पातालपाणीला माणसं अशीच वाहून गेली. पाणी गढूळलं, काटक्या-पालापाचोळा येऊ लागला, की सामान सोडा आणि काठ गाठा. फोटोसाठी प्रवाहातल्या खडकावर तर बसूच नका.

बाकी थोडक्यात:
- सॅक ६-७ किलोंची पुरे.
- जीन्स नको. भिजली की जड होते, मांड्या सोलवटतात.
- रेनकव्हर असूनही पाठीकडून पाणी शिरतं. आत मोठी प्लास्टिकची पिशवी घाला, कपडे तिच्यात.
- माकडांसमोर शेवेचं पाकीट काढू नका, मग ती सॅकच ओढतात.

तंबू-बिंबू पुढच्या वर्षी बघू.